मापात पाप न ठेवणाऱ्या फॅनी फार्मर

अमेरिकी पाककृतीत ‘कप’ आणि ब्रिटिश पाककृतीत ‘ग्रॅम’. या दोन मापांच्या कात्रीत सापडून आजवर किती केक बसले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. अमेरिकी स्वयंपाकघरात वजनकाट्याऐवजी कप रुजला आणि तो कप सपाट भरण्याची शिस्त लागली, याचे मोठे श्रेय बोस्टनमधील एका शिक्षिकेकडे जाते. आजारपणामुळे शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या आणि आयुष्यभर पाय ओढत चाललेल्या फॅनी मेरिट फार्मर यांच्या जीवनकार्याची ही ओळख.

भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. आमटी दाट झाली तर पाणी वाढवता येते. केकच्या बाबतीत मात्र अशी दुरुस्ती नाही. मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेले, की मैदा, साखर, बटर, अंडी आणि बेकिंग पावडर यांचे आपसांत जे ठरले असेल तेच पदरात पडते. मैदा थोडा जास्त झाला तर केक कोरडा आणि घट्ट होतो. दूध जास्त झाले तर तो मधोमध खचतो. त्यामुळे भाजणीच्या पदार्थांत हाताच्या अंदाजापेक्षा मापाला अधिक महत्त्व आहे.

हे माप जगभर एकच असते, तर प्रश्न मिटला असता. अमेरिकी लेखिका मैदा कपाने मोजते, ब्रिटिश लेखिका तोच मैदा काट्यावर तोलते. पुण्या-मुंबईच्या ज्या घरांत आता हौसेने केक, कुकी आणि पाव भाजले जातात, तिथे या दोन्ही देशांच्या पाककृती शेजारी शेजारी वाचल्या जातात. हा फरक समजून घ्यायचा, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बोस्टन शहरात डोकवावे लागते.

शाळा सुटली, पाटी फुटली

फॅनी यांचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या बोस्टन शहरात झाला. वडील जॉन फ्रँकलिन फार्मर यांचा छपाईचा व्यवसाय होता. आईचे नाव मेरी वॉटसन मेरिट. कुटुंब पुढे बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावी राहू लागले. घरात मुलीच होत्या आणि त्यांत फॅनी थोरल्या. मुलींनी शिकावे असे मानणारे ते घर होते. थोरली लेक महाविद्यालयात जाईल, अशी आई-वडिलांची अपेक्षा होती.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास ही अपेक्षा मोडून पडली. मेडफर्डच्या माध्यमिक शाळेत शिकत असतानाच फॅनी यांना पक्षाघाताचा झटका आला. तो पोलिओ असावा, असा तर्क पुढील काळात काही अभ्यासकांनी केला आहे. आजाराचे नाव काहीही असो, परिणाम कठोर होता. कित्येक वर्षे त्यांना चालता आले नाही. शाळा कायमची सुटली. ज्या वयात मैत्रिणी पुढच्या शिक्षणाची किंवा लग्नाची स्वप्ने पाहत होत्या, त्या वयात फॅनी घराच्या चार भिंतींत अडकून पडल्या. त्या काळातील समजुतीप्रमाणे अशा मुलीला ना संसार होता, ना नोकरी.

प्रकृतीला थोडा उतार पडल्यावर त्यांनी घरच्या स्वयंपाकात लक्ष घातले. आईने घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली होती. तिथल्या जेवणाची कीर्ती हळूहळू पसरली. पायात आलेले अधूपण मात्र गेले नाही. पाय ओढत चालणे आयुष्यभरासाठी त्यांच्या वाट्याला आले. घराला हातभार लावण्यासाठी त्या शॉ नावाच्या एका कुटुंबात मदतनीस म्हणून काम करू लागल्या. फॅनी यांचा स्वयंपाकातील रस आणि नीटनेटकेपणा शॉ बाईंच्या नजरेत भरला. पाकशिक्षणाच्या शाळेत नाव घालण्याचा सल्ला त्यांनीच दिला.

याच घरातील एका प्रसंगाची आख्यायिका अमेरिकेत अनेकदा सांगितली जाते. शॉ यांची लहान मुलगी फॅनी यांच्याबरोबर स्वयंपाकघरात लुडबुडत असे. चिमूटभर म्हणजे नेमके किती आणि अंड्याएवढे बटर म्हणजे कोणत्या अंड्याएवढे, असे प्रश्न ती विचारी. या बालसुलभ प्रश्नांतूनच फॅनी यांना मोजमापाचे महत्त्व उमगले, असे सांगतात. कथा किती खरी हा भाग वेगळा. पण तिच्यातला प्रश्न मात्र त्या काळातील प्रत्येक नवशिक्या गृहिणीचा होता.

अंदाज पंचे दाहोदरसे

त्या वेळची पाककृती आज वाचली तर गंमत वाटते. अक्रोडाएवढे बटर, चहाच्या पेल्याभर साखर, पुरेसा मैदा आणि बेताची आच अशी तिची भाषा असे. आईच्या किंवा सासूच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला ते पुरेसे होते, कारण पुस्तक केवळ आठवण करून देण्यासाठी असे, शिकवण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या बाईचे असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. तरुण जोडपी घर सोडून शहरांत आली. कित्येक जणी पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत गेल्या. शिकवणारी वडीलधारी बाई मागे राहिली आणि हाती उरले केवळ पुस्तक. त्या पुस्तकातच अंदाज पंचे दाहोदरसे असा कारभार असेल, तर नव्या गृहिणीने करावे काय?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर आधीच निघाले होते. एलायझा ॲक्टन यांनी १८४५ मध्ये आपल्या पुस्तकात साहित्याची यादी प्रमाणासह वेगळी देण्याची पद्धत वापरली. इझाबेला बीटन यांच्या १८६१ मधील गाजलेल्या गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथाने ती घरोघरी नेली. ही प्रमाणे मुख्यतः पौंड आणि औंसात, म्हणजे वजनात होती. ब्रिटिश स्वयंपाकघरात तराजू होता आणि तो तिथेच राहिला.

अमेरिकेतही सुरुवातीला वजनाचीच परंपरा होती. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ मधील पुस्तकात पौंड केकसाठी साखर, बटर आणि मैदा प्रत्येकी एक पौंड सांगितला आहे. मात्र पुढे तिथे पेला आणि चमचा वरचढ ठरला. दूरच्या वस्त्यांकडे निघालेल्या कुटुंबांना जड तराजू आणि वजने वाहून नेण्यापेक्षा एक पेला नेणे सोपे होते, असे त्याचे कारण सांगितले जाते. अडचण एवढीच, की प्रत्येक घरचा पेला वेगळा होता.

गॅलनची फारकत

दोन्ही देशांच्या मापांत त्याआधीच आणखी एक दरी पडली होती. ब्रिटनमध्ये पूर्वी दारूसाठी एक गॅलन, बिअरसाठी दुसरा, धान्यासाठी तिसरा, असा प्रकार होता. १८२४ च्या कायद्याने हे सर्व गॅलन मोडीत काढण्यात आले आणि दहा पौंड पाण्याचा एकच साम्राज्य गॅलन ठरवण्यात आला. अमेरिका तोवर स्वतंत्र झालेली होती. तिने २३१ घनइंचांचा जुना वाइन गॅलनच पुढे चालू ठेवला.

परिणाम असा, की ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा, तर अमेरिकी गॅलन सुमारे ३.७९ लिटरचा झाला. गॅलनचा आठवा भाग म्हणजे पाइंट. तो ब्रिटनमध्ये ५६८ मिलिलिटर आणि अमेरिकेत ४७३ मिलिलिटर भरतो. ब्रिटिश पाइंटमध्ये २० द्रव औंस असतात, तर अमेरिकी पाइंटमध्ये १६. त्यातही गंमत अशी, की ब्रिटिश द्रव औंस अमेरिकी औंसापेक्षा किंचित लहान आहे. नाव एक, माप दोन.

केकच्या पाककृतीत अर्धा पाइंट दूध सांगितले असेल, तर ब्रिटिश हिशेबाने ते २८४ आणि अमेरिकी हिशेबाने २३७ मिलिलिटर होते. हा फरक सुमारे तीन मोठ्या चमच्यांचा आहे. केक खचायला तेवढे पुरेसे आहे.

तिशीतील विद्यार्थिनी

बोस्टन कुकिंग स्कूल ही संस्था शहरातील स्त्री-शिक्षण संघटनेने १८७९ मध्ये सुरू केली होती. घरकामाकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याचा आग्रह त्या काळी बोस्टनमध्ये जोर धरत होता. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळालेल्या पहिल्या महिला, रसायनतज्ज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स याच शहरात काम करत होत्या. अन्न म्हणजे केवळ चव नव्हे, त्यात शरीराला लागणारे घटक असतात आणि ते मोजता येतात, हा विचार तिथे रुजत होता.

अशा वातावरणात वयाच्या तिशीत फॅनी यांनी शाळेत नाव घातले. वर्गातील बहुतेक मुलींपेक्षा त्या वयाने मोठ्या होत्या, पायाने अधू होत्या, पण पंधरा वर्षांपूर्वी हातची गेलेली शिकण्याची संधी त्यांनी या वेळी सोडली नाही. १८८९ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण होताच शाळेने त्यांना साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. काही वर्षांतच त्या शाळेच्या प्रमुख झाल्या.

शाळेच्या पहिल्या प्रमुख मेरी लिंकन यांचे बोस्टन पाकपुस्तक १८८४ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि शाळेत तेच वापरले जाई. साहित्य मोजून घ्यावे हा आग्रह त्यातही होता. त्यामुळे मोजून स्वयंपाक करण्याची कल्पना एकट्या फॅनी यांची होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचे वेगळेपण त्या कल्पनेला दिलेल्या काटेकोर रूपात आहे.

प्रकाशकाचा अविश्वास

शाळेच्या पाककृती नव्याने तपासून, त्यांत भर घालून फॅनी यांनी एक मोठा ग्रंथ तयार केला आणि तो लिटल, ब्राऊन या बोस्टनच्या प्रकाशन संस्थेकडे नेला. संस्थेला त्यात फारसा दम वाटला नाही. बाजारात पाकपुस्तकांची वानवा नव्हती. शेवटी पहिल्या आवृत्तीच्या केवळ ३ हजार प्रती काढायच्या आणि खर्च लेखिकेने सोसायचा, असे ठरले. घरच्या श्रीमंतीचा आधार नसलेल्या, एकट्या आणि अपंग स्त्रीच्या दृष्टीने हा जुगारच होता. मात्र खर्च त्यांचा असल्याने पुस्तकाचे हक्कही त्यांच्याकडेच राहिले.

१८९६ मध्ये ‘द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ प्रसिद्ध झाले आणि प्रकाशकाचा अंदाज साफ चुकला. प्रती हातोहात संपल्या, पुनर्मुद्रणामागून पुनर्मुद्रणे निघाली. पुस्तकाच्या सुरुवातीला पाककृती नव्हत्याच. तिथे अन्नाचे घटक, त्यांचे शरीरातील कार्य आणि पदार्थ शिजताना होणारे बदल यांची माहिती होती. लाखो प्रती खपलेल्या या पुस्तकाने त्याच्या लेखिकेला आर्थिक स्वातंत्र्य मिळवून दिले. ज्या अविश्वासापोटी प्रकाशकाने खर्च अंगाबाहेर टाकला, तोच त्यांच्या पथ्यावर पडला.

सपाट मापाचे शास्त्र

या पुस्तकातील सर्वांत दूरगामी भाग काही मोजक्या परिच्छेदांचा आहे. फॅनी यांनी कप म्हणजे अर्ध्या पाइंटचा कप, असे ठरवून दिले. असे पत्र्याचे कप, चौथाई आणि तिहाईच्या खुणांसह, दुकानांत मिळू लागले होते. ठरावीक आकाराचे चमचेही उपलब्ध होते. घरातला कोणताही पेला चालेल, हा प्रकार त्यांनी मोडीत काढला.

दुसरा नियम भरण्याचा. चमचा शिगोशीग भरावा, की गोलसर, की काठापर्यंत, यावर पूर्वी एकमत नव्हते. गोलसर भरलेल्या चमच्यात सपाट चमच्यापेक्षा कितीतरी अधिक जिन्नस मावतो आणि प्रत्येकीचा गोलसर वेगळा. फॅनी यांनी निकाल दिला, की कप असो वा चमचा, माप सपाटच असले पाहिजे. जिन्नस भरून घ्यायचा आणि सुरीने वरचा भाग निपटून काढायचा. अर्धा चमचा हवा असेल तर सपाट चमच्यातील जिन्नस लांबीच्या दिशेने सुरीने दुभागायचा आणि पाव चमचा हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग करायचे.

तिसरा नियम जिन्नसाच्या स्वभावाचा. मैदा डब्यात पडून राहिला की दबतो. म्हणून तो मोजण्यापूर्वी चाळून घ्यायचा, कपात अलगद भरायचा आणि कप हलवायचा नाही. बटर मात्र कपात गच्च दाबून भरायचे, म्हणजे मध्ये पोकळी राहणार नाही. सोळा टेबलस्पूनांचा एक कप आणि तीन चहाच्या चमच्यांचा एक टेबलस्पून हे कोष्टकही त्यांनी पक्के केले.

विशेष म्हणजे वजनाशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. पुस्तकात कप आणि पौंड यांचे कोष्टक आहे. त्यानुसार दोन कप बटर, दोन कप साखर किंवा चार कप मैदा म्हणजे एक पौंड. अमेरिकी आणि ब्रिटिश मापांचा मेळ घालण्याची किल्ली या कोष्टकात आहे. कप हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नाही, आणि प्रत्येक जिन्नसाचा कप वेगळ्या वजनाचा असतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

ही शिस्त अमेरिकेने इतकी उचलली, की पुढे फॅनी यांना सपाट मापाची जननी असे बिरुद मिळाले. एका राज्यातील गृहिणीची पाककृती हजार मैलांवरच्या गृहिणीला तशीच्या तशी करता येऊ लागली. शिकवायला शेजारी कोणी नसलेल्या मुलीला पुस्तकावर विसंबता येऊ लागले. हे लोकशाहीकरणच होते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

पथ्याच्या जेवणातला जीव

१९०२ मध्ये फॅनी यांनी बोस्टन कुकिंग स्कूल सोडले आणि मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी ही स्वतःची शाळा काढली. व्यावसायिक आचारी घडवण्यापेक्षा गृहिणी आणि परिचारिका यांना शिकवण्यावर तिथे भर होता. त्यांची जाहीर प्रात्यक्षिके लोकप्रिय झाली आणि त्या व्याख्यानांचे वृत्तांत बोस्टनच्या ‘ट्रान्सक्रिप्ट’ या दैनिकात छापून येऊ लागले. बहीण कोरा हिच्यासह त्यांनी ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या मासिकात सुमारे दहा वर्षे स्तंभ चालवला.

कीर्ती केक-पुडिंगांनी मिळाली असली, तरी त्यांचे मन गुंतले होते ते रुग्णांच्या आहारात. उमेदीची वर्षे अंथरुणात काढलेल्या व्यक्तीला आजाऱ्यासमोर येणाऱ्या बेचव ताटाची कल्पना पुस्तकातून घ्यावी लागत नाही. १९०४ मध्ये त्यांचे आजारी आणि बरे होत असलेल्या व्यक्तींच्या आहारावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ताट नीट मांडलेले असावे, वाढप थोडे असावे, रुग्णाची आवडनिवड लक्षात घ्यावी, यापासून ते कोणत्या आजारात काय टाळावे, इथपर्यंतचा विचार त्यात होता. आपली खरी ओळख याच कामाने राहील, अशी त्यांची धारणा होती.

या पुस्तकात मधुमेहींच्या आहारावरही विवेचन आहे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी काळ ध्यानात घ्यावा लागेल. इन्शुलिनचा शोध लागला तो १९२१ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे. तोवर मधुमेहावर आहार नियंत्रणाखेरीज जवळपास इलाज नव्हता. अशा रुग्णाच्या ताटात किती पाव आणि किती साखर, याला जीवन-मरणाचे मोल होते. केकच्या बाबतीत माप चुकले तर फार तर चहा बिघडतो. इथे माप चुकले तर माणूस हातचा जाऊ शकत होता. बोस्टनचेच नामवंत मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जोस्लिन यांनी आपल्या लेखनामागील प्रेरणांत फॅनी यांना स्थान दिले आहे.

हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहारावर व्याख्याने देण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. माध्यमिक शाळाही पूर्ण करू न शकलेली एक स्त्री देशातील अग्रगण्य वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते, ही घटना त्या काळात असामान्यच होती.

चाकाच्या खुर्चीतून

उत्तरायुष्यात पक्षाघाताने त्यांना पुन्हा गाठले. अखेरची सुमारे सात वर्षे त्या चाकाच्या खुर्चीला खिळल्या. तरीही व्याख्याने थांबली नाहीत, लेखन थांबले नाही. १९१२ मध्ये नव्या पाककृतींचा त्यांचा आणखी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अखेरचे व्याख्यान त्यांनी मृत्यूपूर्वी अवघे दहा दिवस आधी दिले. १५ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, बोस्टन येथे त्यांचे निधन झाले. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्या अविवाहित होत्या. त्यांची शाळा पुढे १९४४ पर्यंत सुरू राहिली. पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या तर त्यानंतरही निघत राहिल्या आणि पुढे पुस्तकाचे नावच ‘फॅनी फार्मर कुकबुक’ असे झाले.

कप की काटा?

फॅनी यांच्या कामातील एक विरोधाभास काळाच्या ओघात समोर आला. स्वयंपाकात अचूकता यावी म्हणून त्यांनी सपाट कपाचा आग्रह धरला. पण त्यांच्या पुस्तकाच्या यशामुळेच अमेरिकी स्वयंपाकघरात कप कायमचा ठाण मांडून बसला आणि त्याहून अचूक असलेला काटा बाहेरच राहिला.

त्यांच्या कोष्टकाप्रमाणे चार कप मैद्याचा एक पौंड, म्हणजे एका कपात सुमारे ११३ ग्रॅम मैदा भरतो. हा हिशेब चाळलेल्या, हलक्या मैद्याचा आहे. आज अमेरिकी पाककृतींत कपाला साधारण १२० ते १२५ ग्रॅम धरले जातात. मात्र कप थेट डब्यात खुपसून भरला, तर १४० ते १५० ग्रॅम मैदाही सहज येतो. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक जवळजवळ शंभर ग्रॅमपर्यंत जातो. नियम लक्षात राहिला तो कपाचा. चाळण्याचा आणि अलगद भरण्याचा भाग मात्र अनेकांच्या विस्मरणात गेला.

ब्रिटनने १९६५ पासून दशमान पद्धतीकडे वाटचाल सुरू केली आणि तिथल्या पाकपुस्तकांतील औंसांची जागा ग्रॅमने घेतली. अमेरिकेत १९७५ मध्ये दशमान पद्धतीचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. घरोघरचा कप जागचा हलला नाही. भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. शेर आणि अदपाव बाजारातून गेले, मराठी स्वयंपाकघरात मात्र वाटी टिकून राहिली. वाटी हेही आकारमानाचेच माप असल्याने अमेरिकी कप आपल्याकडे परका वाटत नाही. फसगत होते ती इथेच, कारण घरची वाटी आणि अमेरिकी कप एकाच मापाचे असतील याची हमी नसते.

ब्रिटिश घरांत आवडीने होणाऱ्या व्हिक्टोरिया स्पंज केकचे उदाहरण बोलके आहे. चार अंड्यांना मैदा, साखर आणि बटर प्रत्येकी सुमारे २२५ ग्रॅम, असे त्याचे सोपे गणित आहे. कपात उतरवताना हेच २२५ ग्रॅम बटरसाठी एक कप, साखरेसाठी एक कप आणि वर दोन टेबलस्पून, तर मैद्यासाठी पावणेदोन कपांहून थोडे अधिक होतात. तिन्ही जिन्नस एकेक कप घेणाऱ्याच्या केकमध्ये मैदा निम्म्याच्या आसपास पडेल आणि मग केक फुलला नाही म्हणून ओव्हनला दोष दिला जाईल.

फॅनी फार्मर आज असत्या तर त्यांनी कप उचलला असता की डिजिटल काटा, हा तर्काचा विषय आहे. पण एक गोष्ट निश्चित आहे. त्यांचा आग्रह पत्र्याच्या कपासाठी नव्हता. पाककृती लिहिणाऱ्याने आणि करणाऱ्याने एकच माप वापरावे, यासाठी होता. आपल्याच देहाने दगा दिलेल्या या स्त्रीने दुसऱ्या कोणाच्या ताटात काय आणि किती पडावे, याची आयुष्यभर काळजी वाहिली. पाककृती अमेरिकी असो वा ब्रिटिश, ती हाती घेताना आधी तिचे माप कोणत्या देशाचे आहे हे पाहिले, तरी त्यांच्या शिकवणीचे चीज होईल.

मापांचा मेळ

- एक अमेरिकी कप : ८ अमेरिकी द्रव औंस, सुमारे २३७ मिलिलिटर (वेष्टनावरील माहितीत २४० धरतात). बाजारातील काही कप २५० मिलिलिटरचे असतात. कपावरील आकडा पाहावा.
- एक टेबलस्पून : १५ मिलिलिटर, एक चहाचा चमचा : ५ मिलिलिटर. ऑस्ट्रेलियन पाककृतीत टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो.
- एक कप मैदा : १२० ते १२५ ग्रॅम. एक कप साखर : २०० ग्रॅम. एक कप पिठीसाखर : ११५ ते १२० ग्रॅम. एक कप बटर : २२७ ग्रॅम.
- अमेरिकी पाककृतीतील बटरची एक स्टिक : अर्धा कप, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम.
- एक औंस (वजन) : सुमारे २८ ग्रॅम. एक पौंड : सुमारे ४५४ ग्रॅम. द्रव औंस आणि वजनाचा औंस यांची गल्लत करू नये.
- ओव्हनची उष्णता : ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सियस, ब्रिटिश गॅस मार्क ४. ४०० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २०० अंश सेल्सियस, गॅस मार्क ६. पंख्याच्या ओव्हनमध्ये सुमारे २० अंश सेल्सियस कमी ठेवावे.
- ब्रिटिश पाककृतीतील सेल्फ रेझिंग फ्लोअर : साधारण १२५ ग्रॅम मैद्यात दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर मिसळावी.
- ब्रिटिश कॅस्टर शुगर म्हणजे बारीक दाण्याची साखर, आयसिंग शुगर म्हणजे पिठीसाखर आणि बायकार्बोनेट ऑफ सोडा म्हणजे आपला खाण्याचा सोडा.